बेरीज की गुणाकार?

मी केबिन रोडला राहतो असं ऑफिसात सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतंच, "वा, शेवटी केबिन मिळाली म्हणायची!" केबिन वगैरे काही नाही हो. आम्ही अजून हेडफोन लावून ओपन ऑफिसात बसणारी जमात. केबिन रोड हा भाईंदर पूर्वेचा, रेल्वेजवळचा रस्ता. घरून काम करायचं आणि खिडकी उघडली की लोकलचा भोंगा थेट मीटिंगमध्ये. "तू स्टेशनवर आहेस का?" असं आमची मॅनेजर दर आठवड्याला विचारते, आणि मी दर आठवड्याला "जवळपास" असं खरं उत्तर देतो.

हे केबिनपुराण आज सांगायचं कारण म्हणजे या आठवड्याचा विषय याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर निघाला. विषय जरा विचित्र आहे. म्हाताऱ्या माणसांवर उपचार कसे करायचे हे भावी डॉक्टरांना शिकवणारे जे डॉक्टर असतात, त्यांना करिअर घडवण्यासाठी काही ग्रँट्स, फेलोशिप वगैरे मिळतात. त्या कोणाला द्यायच्या हे कसं ठरवतात? आणि कसं ठरवायला पाहिजे?

"आम्हाला काय करायचंय?" असं म्हणाल. मलाही तसंच वाटत होतं. दहा मिनिटं द्या.

आमच्या बिल्डिंगमधली बरीच कुटुंबं १९८०-९० च्या सुमाराला गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतल्या खोल्या सोडून इथे आली. तेव्हा ही माणसं तिशी-पस्तिशीतली. चार मजल्यांना लिफ्ट कशाला हवी, असा सरळ हिशोब. आता तीच माणसं सत्तरीत आहेत आणि जिन्याच्या पायऱ्या मात्र तेवढ्याच आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक ९.९ टक्के होते, देशात ८.६ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाचा अंदाज असा की २०५० पर्यंत देशात हा आकडा २० टक्क्यांच्या पुढे जाईल. आज जे पस्तिशीच्या पुढे आहेत ते तेव्हा त्याच आकड्यात असतील. म्हणजे मी आहे. तुमच्यातलेही बरेच असतील.

तर आई. दीड वर्षापूर्वी ती पहाटे बाथरूमला जाताना पडली. नशिबाने हाड मोडलं नाही, पण धसका घेतला. जिना उतरणं बंद. भाजी मी आणायची, देवळात जाणं बंद, खालच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणी बंद. तिसऱ्या मजल्यावरची कैद म्हणा ना. बीपीसाठी एक डॉक्टर, गुडघ्यासाठी एक, पोटासाठी एक, झोपेसाठी आणखी एक. प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच औषध दिलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या मॉड्यूल्सचं युनिट टेस्टिंग पास झालं होतं, इंटिग्रेशन टेस्टिंग कोणी केलंच नव्हतं.

ते केलं ताईने. ताई म्हणजे माझी मामेबहीण. एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची असिस्टंट प्रोफेसर आहे. घरी आली, चहा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आत्या, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या टेबलावर आण." औषधांचा डबा उलटा झाला. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. त्यातल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या नावांच्या, आणि आतलं औषध एकच. मग ताईने आईला पाच मिनिटं आडवं पाडलं, बीपी घेतलं. उभं केलं, एका मिनिटाने परत घेतलं, तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा तीसने खाली आला. उभं राहिल्यावर वीसने पडला तरी लक्ष द्यावं लागतं म्हणे. मग आईला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवलं, वळवलं, परत आणून बसवलं आणि मोबाईलवर वेळ मोजली. या साध्या चाचणीला 'टाइम्ड अप अँड गो' म्हणतात, १९९१ पासून ती जगभर वापरात आहे. खर्च शून्य. लागते फक्त एक खुर्ची आणि घाईत नसलेला माणूस.

ताईने आईच्या डॉक्टरांना फोन केला, दोघांनी मिळून गोळ्या अकरावरून सातवर आणल्या, झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. (हे कृपया स्वतः घरी करू नका. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर जास्त गोंधळ होतो.) दीड महिन्याने आई माझा हात धरून खाली उतरली. कट्ट्यावर पहिलं वाक्य काय, तर "लिंबं केवढ्याला झाली?"

मी ताईला विचारलं, "हे तुम्ही मुलांना कॉलेजात शिकवता?"

"अभ्यासक्रमात आहे," ती म्हणाली. "२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात मेडिसिनमध्ये जेरियाट्रिक्सचा वेगळा भाग आहे. म्हाताऱ्या पेशंटची सर्व बाजूंनी तपासणी करता आली पाहिजे, असं स्पष्ट लिहिलंय. औषधं, मन, घरची परिस्थिती, हालचाल, सगळं. पण लिहिलेलं असणं आणि शिकवणं यात फरक आहे. अशी एक तपासणी नीट शिकवायची तर तास-दीड तास लागतो. तो आणायचा कुठून?"

तो वेळ मिळावा म्हणूनच ताईने तीन वर्षांपूर्वी एक ग्रँट मिळवली होती. दोन वर्षांची. कल्पना अगदी साधी. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या छोट्या बॅचने वॉर्डातल्या एका वृद्ध पेशंटची अशी पूर्ण तपासणी करायची, ताईने सोबत बसायचं. अर्ज उत्तम झाला. पेपर होते, कोर्सेस झालेले होते, मार्गदर्शक नावाजलेले होते. निवड झाली, अभिनंदन झालं, पेढे आम्हीही खाल्ले.

अर्जाला संस्थेचं एक पत्र जोडलेलं होतं. त्यात एकच वाक्य होतं. नियमित कामकाजावर परिणाम न होता सदर प्रकल्प राबवण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

'नियमित कामकाजावर परिणाम न होता'. या पाच शब्दांत सगळा प्रकल्प बुडाला. ड्यूटी चार्ट बदलला नाही. मंगळवारी ओपीडी होती ती राहिली, गुरुवारी इमर्जन्सी होती ती राहिली. ताई संध्याकाळी पाचनंतर थांबून मुलांना बोलवायची. काही दिवस मुलं आली, मग परीक्षा आल्या, मग मुलं यायची थांबली. दोन वर्षांत एक पेपर निघाला, एका परिषदेत पोस्टर लागलं, अंतिम अहवालावर 'समाधानकारक' शेरा आला.

"सगळ्यांना वाटतं माझी ग्रँट यशस्वी झाली," ताई म्हणाली. "वॉर्डात जाऊन बघ. एकाही केसपेपरवर उभं राहिल्यावरचं बीपी लिहिलेलं दिसणार नाही."

त्या कॉलेजला किंवा तिच्या एचओडींना खलनायक करण्यात अर्थ नाही. ओपीडीच्या दारात तीनशे माणसं उभी असतील तर कुठला एचओडी दोन सकाळी सोडेल? मीही प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना कोणाला ट्रेनिंगला पाठवत नाही. प्रश्न असा आहे की ज्यांनी पैसे दिले त्यांना हे आधी दिसायला नको होतं का?

आता या शनिवारची गोष्ट. ताईला दुसऱ्या एका ठिकाणी अशाच अर्जांची छाननी करायला बोलावलंय. म्हणजे यावेळी ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. लॅपटॉप घेऊन घरी आली. "अर्ज तुला दाखवणार नाही, ते गोपनीय आहेत. निकष सांगते, मला एक्सेल करून दे." निकष पाच. प्रत्येकाला २० गुण. उमेदवार, शिकवण्याची योजना, मार्गदर्शक, संस्थेचा पाठिंबा, आणि परिणाम कसा मोजणार. एकूण १००. मी म्हटलं, हे तर पाच मिनिटांचं काम. एसयूएम टाकला की झालं.

आणि तिथेच मी अडकलो.

हे निकष कोणी एका माणसाने उगाच काढलेले नाहीत. या प्रकारच्या ग्रँटचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे, 'जेरियाट्रिक ॲकॅडमिक करिअर अवॉर्ड'. १९९८ च्या एका कायद्यातून ते आलं आणि तिथल्या आरोग्य खात्याची एचआरएसए नावाची संस्था ते देते. हेतू सरळ होता. जेरियाट्रिक्स शिकलेला तरुण डॉक्टर शिक्षकाच्या नोकरीत टिकावा, प्रॅक्टिसकडे वळू नये. मूळ योजनेत अट अशी की त्याने आपला ७५ टक्के वेळ शिकवण्यासाठी द्यायचा. म्हणजे पैसे खरं तर हुशारीचं बक्षीस नव्हतेच, वेळ विकत घेण्यासाठी होते. २००६ च्या आर्थिक वर्षात हा निधीच कापला गेला, पुढच्या वर्षी परत आला. २०१५ च्या सुमाराला हे वेगळं अवॉर्ड बंद करून पैसे एका मोठ्या योजनेत मिसळले, आणि २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्या वेळी २६ जणांना, प्रत्येकी वर्षाला ७५ हजार डॉलर. दरम्यान ते फक्त डॉक्टरांपुरतं न राहता नर्सिंग, फार्मसी, सोशल वर्क अशा क्षेत्रांतल्या शिक्षकांनाही खुलं झालं होतं.

एचआरएसएची पद्धत बेरजेची. गरज काय, योजना काय, परिणाम काय, संस्थेकडे साधनं काय, बजेट काय, असे भाग पाडून एकूण १०० गुण. तिथलीच दुसरी संस्था एनआयएच वेगळं करते. संशोधक घडवण्याच्या तिच्या करिअर ग्रँट्समध्ये परीक्षक उमेदवार, करिअरची योजना, संशोधनाची योजना, मार्गदर्शक आणि संस्थेची बांधिलकी या पाचही गोष्टींना १ ते ९ असे गुण देतात (१ सगळ्यात चांगला, आपल्या बोर्डाच्या उलट). पण एकूण गुण हे या पाचांची सरासरी नसतात. परीक्षकाने सगळं बघून तो आकडा स्वतंत्र द्यायचा असतो. एकच गोष्ट इतकी कमकुवत असेल की बाकी सगळं फुकट जाईल, तर परीक्षक तसा आकडा देऊ शकतो. एनआयएचच्या यातल्या बऱ्याच ग्रँट्समध्ये अटही तशीच कडक, बारापैकी नऊ महिन्यांइतका वेळ या कामासाठी राखून ठेवायचा. पुन्हा तेच ७५ टक्के.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या परळला केईएमच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ साली फायमर फेलोशिपचं केंद्र सुरू झालं, भारतातलं पहिलं. दोन वर्षांची, नोकरी सांभाळून करायची फेलोशिप. ती सगळ्याच विषयांच्या वैद्यकीय शिक्षकांसाठी आहे, जेरियाट्रिक्सपुरती नाही. (ताईची ग्रँट ही नव्हे, गैरसमज नको.) त्यातही गाभा हाच की शिक्षकाने आपल्या स्वतःच्या कॉलेजात एक प्रकल्प राबवायचा. म्हणजे संस्थेने साथ दिली नाही तर हुशार माणूस हुशारच राहतो आणि प्रकल्प कागदावर.

आणि जेरियाट्रिक्समध्ये तर मुळात शिक्षकच थोडे. देशात याचा एमडी कोर्स पहिल्यांदा मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाला. केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आणला, त्यात सुरुवातीला देशभरात आठ प्रादेशिक केंद्रं ठरली. त्यातलं एक आपल्या मुंबईत, भायखळ्याच्या जेजे रुग्णालयाला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. (नावातच ग्रँट आहे. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावावरून. केबिन रोडवाल्याने यावर आणखी कोटी करू नये.) त्या केंद्रांकडून अपेक्षा दोन होत्या, उपचार आणि नवे तज्ज्ञ तयार करणं. पण आईसारखे पेशंट फक्त आठ केंद्रांत जात नाहीत. ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातात. तिथल्या डॉक्टरने एमबीबीएसला असताना एकदा तरी कोणाला तरी ही तपासणी नीट करताना पाहिलेलं असावं लागतं. ते दाखवणारी ताईसारखी माणसं प्रत्येक कॉलेजात एक-दोन. म्हणून त्यांची निवड चुकली की नुकसान मोठं.

परत एक्सेलकडे. मी दोन काल्पनिक उमेदवार घेतले.

'अ' चे गुण असे. उमेदवार १९, योजना १७, मार्गदर्शक १८, संस्थेचा पाठिंबा ३, मोजमाप १५. बेरीज ७२.

'ब' चे असे. उमेदवार १३, योजना १६, मार्गदर्शक १४, संस्थेचा पाठिंबा १८, मोजमाप १०. बेरीज ७१.

एक जागा असेल तर 'अ' जिंकला. ताईने स्क्रीनकडे पाहिलं आणि हसली. "हा 'अ' म्हणजे मीच."

बेरजेत प्रत्येक निकष दुसऱ्याची भरपाई करू शकतो. पेपर जास्त असतील तर वेळ कमी असला तरी चालतं, असं बेरीज न बोलता म्हणते. खरं आयुष्य तसं चालत नाही. शिक्षक कितीही चांगला असो, त्याला वेळ शून्य असेल तर शिकवणं शून्य. उत्तम कोड लिहिलाय आणि सर्व्हरच नाही, तर साइट थोडी कमी चालत नाही, चालतच नाही. वेळ हा बाकीच्यांच्या शेजारी बसणारा पाचवा निकष नाही. तो बाकीच्या चारांना गुणणारा आकडा आहे.

मी सूत्र बदललं. बाकीच्या चारांची बेरीज घ्यायची, आणि पाठिंब्याच्या गुणांना २० ने भागून येईल त्याने गुणायचं. 'अ' चे ६९ गुणिले तीन-विसांश, म्हणजे १० च्या थोडं वर. 'ब' चे ५३ गुणिले अठरा-विसांश, म्हणजे ४७ च्या वर. एका गुणाने हरणारा 'ब' आता चौपटीहून जास्त पुढे.

मला वाटलं, झालं काम. चहा टाकायला उठलो. तर ताई म्हणाली, "थांब. हे चुकीचं आहे."

"कसं काय? गणित बरोबर आहे."

"गणित बरोबर आहे, न्याय नाही. कुठली कॉलेजं वेळ देऊ शकतात? ज्यांच्याकडे माणसं जास्त आणि पेशंट कमी. सगळ्यात जास्त म्हातारे पेशंट कुठे येतात? जिथे एचओडीकडे द्यायला एकही सकाळ नाही तिथे. तुझ्या सूत्राने पैसे बरोबर उलट्या ठिकाणी जातील. शिवाय एचओडीच्या पत्राची शिक्षा उमेदवाराला का?"

हा आक्षेप खरा आहे, आणि मी बराच वेळ त्यावर अडून बसलो. माझं उत्तर असं. गुणाकार हा दार लावायला नसावा, धोक्याचा दिवा म्हणून असावा. पाठिंबा कमी आणि बाकी सगळं उत्तम असा अर्ज आला तर तो बाद करू नका, आणि बेरजेच्या जोरावर पासही करू नका. तो बाजूला काढा आणि संस्थेशी बोला. त्या दोन सकाळी मोकळ्या करायला काय लागेल? ओपीडीला एक जास्तीचा सीनियर रेसिडेंट? मग ग्रँटमधून त्याचा पगार द्या. अमेरिकन ग्रँट्समध्ये पैशाचा मोठा भाग शिक्षकाच्या पगारापोटी जातो तो याचसाठी, त्याचा वेळ संस्थेकडून सोडवून घेण्यासाठी. ताईच्या ग्रँटमध्ये प्रिंटर, स्टेशनरी, प्रवासभत्ता या सगळ्याला पैसे होते. वेळेला एक रुपया नव्हता. प्रिंटर अजून उत्तम चालतो म्हणे.

आणि पत्रात 'हरकत नाही' चालणार नाही. हरकत नाही म्हणजे पाठिंबा नव्हे. लग्नाला "आमची हरकत नाही" म्हणणारे सासरे आणि मांडवात उभे राहून पंगत वाढणारे सासरे यांत जेवढा फरक, तेवढाच. पत्रात वार पाहिजेत, वेळ पाहिजे, त्या वेळेत ओपीडी कोण बघणार हे पाहिजे. दुसऱ्या वर्षाचा हप्ता सोडण्याआधी पेपर किती निघाले हे विचारू नका, ड्यूटी चार्टची झेरॉक्स मागा. उमेदवाराला मार्क देण्याआधी त्याच्या साहेबाला मार्क द्या, आणि साहेबाला मार्क मिळवता येतील अशी मदतही करा.

राहिला पाचवा निकष, परिणाम कसा मोजणार. इथेही सोयीचं ते मोजायची सवय आहे. आपल्याकडे वैद्यकीय शिक्षकाच्या बढतीतही हेच दिसतं. एनएमसीच्या २०२२ च्या नियमांत बढतीसाठी प्रकाशित पेपर लागत, वैद्यकीय शिक्षणाचा आणि संशोधनाचा बेसिक कोर्स लागे. हे वाईट आहे असं नाही. पण पेपर मोजता येतात म्हणून मोजले जातात, आणि मोजले जातात म्हणून लिहिले जातात. आमच्याकडे एका मॅनेजरने एकदा कोडच्या ओळी मोजायला सुरुवात केली होती. त्या तिमाहीत ओळी भरपूर झाल्या. प्रॉडक्ट कसं झालं ते विचारू नका.

शिकवण्याचा परिणाम मोजायची एक जुनी पद्धत आहे, डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेली. चार पायऱ्या. शिकणाऱ्याला आवडलं का, त्याला आलं का, तो ते कामात वापरतो का, आणि त्याने शेवटी काही फरक पडला का. आपले बहुतेक प्रकल्प पहिल्या पायरीवर बसून राहतात, फीडबॅक फॉर्मवर 'खूप छान' च्या खुणा मोजत. दुसऱ्या पायरीवर लेखी परीक्षा. तिसरी पायरी चढायला खरं तर फार काही लागत नाही. ताई म्हणाली, "प्रकल्पाच्या आधी वॉर्डातले साठीच्या पुढच्या पेशंटचे पन्नास केसपेपर काढायचे, नंतर पन्नास काढायचे. किती जणांवर उभं राहिल्यावरचं बीपी लिहिलंय? किती जणांच्या गोळ्यांची पूर्ण यादी आहे? बस्स. एका दुपारचं काम." पन्नासात दोनचे वीस झाले तर माझ्या दृष्टीने ते तीन पेपरांहून मोठं आहे. ते वीस म्हणजे वीस जणांची आई आहे.

यावर कोणी म्हणेल, केसपेपरवर लिहिणंही शेवटी आकडेच झाले, मुलं नुसतेच आकडे लिहितील. लिहितील, काही जण. पण खोटं बीपी लिहिणारा आणि ते घ्यायचं असतं हेच माहीत नसणारा, यांत पहिल्याला निदान प्रश्न माहीत आहे. शिवाय वॉर्डात सिस्टर असतात, त्यांच्यासमोर फार दिवस खोटं चालत नाही.

या सगळ्या शास्त्राची सुरुवातच मुळी वेळ देण्यातून झाली. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या गरीबखान्याचे शेकडो रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, 'आता काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेले. मार्जरी वॉरन नावाच्या डॉक्टरने त्यांना एकेक करून तपासलं, त्यांची वर्गवारी केली, व्यायाम सुरू केले, खाटांवरून उठवलं. त्यातले कितीतरी चालायला लागले, काही घरी गेले. पुढे याच कामाबद्दल त्यांना आधुनिक जेरियाट्रिक्सची जननी म्हटलं गेलं. तिथे नवं औषध नव्हतं. कोणीतरी थांबून नीट बघितलं, एवढंच झालं. त्यांना कोणी 'नियमित कामकाजावर परिणाम न होता करा' असं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करतोय.

आता यात तुमचं-माझं काय? एक तर आई-वडील आहेत. आणि दुसरं, तुमच्यापैकी अनेक जण अशा कंपन्यांत आहात ज्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातले दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. त्यातले काही पैसे वैद्यकीय शिक्षणाकडे, वृद्धांच्या सेवेकडे जातात. अर्जांची चाळणी करायला आपल्यासारख्याच कोणालातरी बसवतात, कारण 'तुला एक्सेल येतं'. कधी तुमच्यावर ती वेळ आली तर एसयूएम टाकण्याआधी दोन मिनिटं थांबा. या निकषांपैकी असा कुठला आहे का, जो शून्य असेल तर बाकी सगळं शून्य होईल? असेल तर तो बेरजेत टाकू नका.

ताईला अर्थात समितीचं सूत्र बदलता येणार नाही. तिथे बेरीजच आहे आणि तिला बेरीजच भरून द्यायची आहे. पण प्रत्येक अर्जापुढे शेऱ्याची एक चौकट आहे, साधारण लोक तिथे 'शिफारस' एवढंच लिहितात. रात्री जेवणं झाल्यावर ती शेरे लिहीत बसली होती. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तिने पटकन स्क्रीन झाकली, गोपनीय म्हणजे गोपनीय. नंतर स्वतःच म्हणाली, "नाव सांगत नाही, पण एका अर्जावर काय लिहिलं ते सांगते. उमेदवार उत्तम. संस्थेच्या पत्रात वार लिहिलेला नाही. कृपया फोन करून विचारावे."

आज रविवार. ताई सकाळच्या लोकलने गेली. आईने तिला खालपर्यंत सोडलं, कठड्याला धरून, एकेक पायरी, आणि येताना लिंबं घेऊन आली. महाग झालीत म्हणे.